डावीकडची खुर्ची

जानेवारीतली गोष्ट. पुण्यात कॅम्पातल्या एका जुन्या शाळेच्या हॉलमध्ये पियानो ट्रिओ ऐकायला गेले होते. कार्यक्रम सातचा, मी नेहमीसारखी साडेसहालाच हजर. व्हरांड्यात लोक कॉफीचे कागदी पेले धरून उभे होते. थंडी बऱ्यापैकी होती, पारशी आज्यांनी शाली घट्ट लपेटल्या होत्या. तेवढ्यात आयोजकांपैकी एक बाई लगबगीने बाहेर आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारू लागल्या, स्टाफ नोटेशन वाचता येणारं कुणी आहे का इथे? पियानिस्टची पानं उलटायला यायचा तो मुलगा अडकला होता कुठेतरी. क्षणभर सगळेच गप्प. मला ते, पाश्चात्त्य संगीताचं ते लेखन, वाचता येत होतं. सहा वर्षं शिकत होते मी ते. हात उचललासुद्धा, कोपरापर्यंत वर आला, आणि बांगड्या वाजल्या. संक्रांतीचे दिवस, हळदीकुंकवाहून तशीच परस्पर आले होते, दोन्ही हात हिरव्या काचेच्या बांगड्यांनी भरलेले. त्या किणकिणाटासरशी मी हात खाली घेतला. संगीतकार शूबर्टच्या एखाद्या हळुवार जागी हे वाजलं तर, असं मनात आलं. माझ्या मागून कॉलेजच्या वयाची एक मुलगी पुढे झाली, पाठीवरची सॅक मैत्रिणीकडे दिली आणि त्या बाईंबरोबर आत गेली.

बांगड्या उतरवायला दोन मिनिटंही लागली नसती.

शूबर्टचा ई फ्लॅट मेजर या पट्टीतला ट्रिओ होता. पियानो, व्हायोलिन आणि चेलो, पाऊण तास तरी सहज चालतो. मी हॉलमध्ये कायम डाव्या अंगाला बसते, तिथून पियानिस्टचे हात दिसतात. त्या दिवशी मी हात पाहिलेच नाहीत. त्या मुलीकडेच बघत बसले. पियानिस्टच्या डाव्या हाताला, त्याच्या बैठकीपासून जरा मागे सरकवलेली एक साधी लाकडी खुर्ची, तिच्यावर ती अंग चोरून बसली होती. पानावरच्या दोन-तीन ओळी उरल्या की उठायची. डावा हात वरच्या बाजूने पानाच्या उजव्या कोपऱ्याकडे न्यायची, म्हणजे वाजवणाऱ्याच्या नजरेआड काही येत नाही. कोपरा चिमटीत धरून थांबायची. इथे खरी गोम आहे. वाजवणाऱ्याची नजर त्याच्या बोटांच्या बार-दोन बार (तालाचे छोटे भाग) पुढे असते, त्यामुळे शेवटचा सूर वाजल्यावर पान उलटलं तर ते उशिरा उलटलेलं असतं. पियानिस्टची हनुवटी किंचित हलायची, आणि पान एका झोक्यात, फडफड न करता, पलीकडे जायचं. मग तळहाताने शिवणीजवळ एकदा हलकेच दाबून ती पुन्हा खुर्चीत. पहिल्या मूव्हमेंटला, म्हणजे रचनेच्या पहिल्या भागाला, तिचे खांदे कानांना लागले होते. दुसरी सुरू होईपर्यंत ते खाली आले.

ही दुसरी मूव्हमेंट ज्यांनी ऐकली आहे त्यांना काही सांगायला नको. पियानो दोन बार नुसता चालतो, थंडीत कुणीतरी एकटं चाललंय तशी सारखी, कोरडी पावलं. मग चेलो गाऊ लागतो. त्या गाण्यात एक जागा आहे, सूर वरून एकदम सप्तकभर खाली येतो, आणि पुन्हा तसाच येतो. मला तिथे दर वेळी पोटात खड्डा पडल्यासारखं होतं. शूबर्टने आयुष्यात स्वतःच्या रचनांचा असा एकच जाहीर कार्यक्रम केला, २६ मार्च १८२८ ला, व्हिएन्नात. संगीतकार बीथोवनला जाऊन त्या दिवशी बरोबर एक वर्ष झालं होतं. त्यात हा ट्रिओ वाजला. गावात तेव्हा व्हायोलिनवादक पागानिनी आलेला, वर्तमानपत्रांना त्याच्यापुढे दुसरं सुचत नव्हतं. त्याच नोव्हेंबरात शूबर्ट गेला, वय ३१. हे सगळं मला तोंडपाठ आहे आणि एरवी ती मूव्हमेंट ऐकताना ते मनात येतंच. त्या संध्याकाळी मात्र एकच गोष्ट डोळ्यांपुढे होती. चेलो गात होता, आणि ती मुलगी पानाचा कोपरा चिमटीत धरून उभी होती. हलत नव्हती. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी डोळे मिटून मान मागे टाकली होती, पुढच्या रांगेत कुणीतरी रुमाल काढला होता. तिला यातलं काहीच करायची मुभा नव्हती.

शेवटी टाळ्या झाल्या. तिघं वादक उभे राहिले, वाकले, आत गेले, परत आले. ती खुर्चीतच बसून होती, गुडघ्यांवर हात ठेवून, नजर खाली. रिवाज तसाच आहे, पानं उलटणारा टाळ्या घेत नाही. सगळे आत गेल्यावर तिने पियानोवरची वही उचलली, छातीशी धरली आणि मागच्या दाराने निघून गेली. बाहेर तिला गाठून काहीतरी बोलावं असं फार वाटलं. ती दिसलीच नाही.

घरी येताना रिक्षात बांगड्या वाजत राहिल्या.

हे नोटेशन वाचायचं वेड मला लेकीमुळे लागलं. ती सात वर्षांची असताना तिला कॅम्पात एका मिसकडे पियानो शिकायला घातलं. आम्ही पेठेतले. आमच्या घरात गाणं म्हणजे तानपुरा, तबला, पेटी आणि डिसेंबरात 'सवाई'. कॅम्पात जायचं ते केक आणायला, नाहीतर कापड घ्यायला. मिसचं घर जुन्या बंगल्याच्या मागच्या अंगाला, उंच छताचं, दारातच पारिजातकाचं झाड. आतल्या खोलीत उभा पियानो, त्याच्या पट्ट्या जुन्या दातांसारख्या पिवळ्या पडलेल्या. पावसाळ्यात मिस पियानोच्या पोटात एक छोटा दिवा रात्रंदिवस जळत ठेवायच्या, ओल धरू नये म्हणून. वरच्या झाकणात डांबराच्या गोळ्या, उंदीर आणि कसर आतलं लोकरीचं फेल्ट खातात म्हणून. अजूनही कुठल्या कपाटातून डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला आधी बाखच्या संगीताची आठवण होते. इतकं करूनही जुलै-ऑगस्टात एक-दोन पट्ट्या दाबल्या की वर यायचं नाव घेत नसत. मिस त्या करंगळीने हळूच उचलायच्या आणि धडा पुढे चालू ठेवायच्या.

लेक शिकायची आणि मी बाजूच्या वेताच्या खुर्चीत बसून राहायची. तीन वर्षांनी लेकीने पियानो सोडला. तिला बास्केटबॉल हवा होता, आणि तिचं बरोबरच होतं. मला मात्र मंगळवारी संध्याकाळी घरात बसवेना. दोन आठवडे गेल्यावर एकटीच गेले आणि मिसना विचारलं, मला नुसतं वाचायला शिकवाल का? बोटं आता वळायची नाहीत, पण कागदावर काय लिहिलंय ते कळायला हवंय. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पेन्सिलीने पाच रेघा ओढल्या आणि म्हणाल्या, "मोज. ऐकायला नंतर भरपूर वेळ आहे."

आमच्या कानांना हे संगीत सोपं जात नाही, हे कबूल करायला हवं. माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण, ती एकदा माझ्याबरोबर आली होती. सगळं शांतपणे ऐकून बाहेर पडताना तिने विचारलं, "अगं, पण यात मींड कुठेय?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. पियानोचा सूर हातोडी तारेवर पडली की त्याच क्षणापासून विझायला लागतो. त्याला पुढे खेचता येत नाही, फुलवता येत नाही, या सुरावरून त्या सुरावर घसरत नेता येत नाही. मग चांगला पियानिस्ट काय करतो, तर पहिला सूर किती विझलाय याचा कानाने अंदाज घेऊन दुसरा त्याच तोलाचा त्याला जोडतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की ओळ गायली जातेय. जे वाद्यात नाही ते ऐकणाऱ्याच्या कानात उभं करायचं. हे कळायला मला पाच-सहा वर्षं आणि बरेच कार्यक्रम लागले. वर्षातून तीनचारदा डेक्कन क्वीनने मुंबईला जायचं, गिरगावात मावशीकडे उतरायचं आणि संध्याकाळी एनसीपीए या कलाकेंद्रात. तिथलं टाटा थिएटर हजारेक खुर्च्यांचं, पण माइकशिवाय ऐकू यावं अशी त्याची रचना आहे. तिथे मागच्या रांगेत बसूनही पियानिस्टने पेडलवरून पाय उचलला की सूर मिटल्याचं कळतं. लहान हॉलमध्ये आणखी जवळून ऐकू येतं. व्हायोलिनवाला ओळ सुरू करायच्या आधी नाकाने श्वास घेतो तो, चेलोच्या टोकदार पायाचा लाकडी फळीवरचा करकर आवाज, आणि गज दाबून ओढल्यावर उडालेली राळेची बारीक पूड दिव्याच्या झोतात दिसते ती. रेकॉर्डिंगमध्ये यातलं पुष्कळ गाळलेलं असतं, आणि मला ते हवं असतं.

आत्याने पस्तीस वर्षं तानपुऱ्याची साथ केली. सांगलीच्या एका गायिकेकडे ती शिकायला म्हणून राहिली आणि तानपुऱ्यावरच राहिली. गळा चांगला होता, पण घरची परिस्थिती, लग्न, मग नवऱ्याचं आजारपण, या सगळ्यात तिचं गाणं मागे पडलं. बैठकीत ती बाईंच्या मागे डावीकडे बसायची. फोटोंत ती दिसते ती अर्धीच. तानपुऱ्याच्या भोपळ्यामागे पदर, दांडीमागे अर्धा चेहरा. लहानपणी मला वाटायचं, चार तारा छेडायच्या, त्यात काय मोठंसं? एकदा तसं बोलून दाखवलं. तिने मला मिरजेचा तो मोठा तानपुरा मांडीवर दिला आणि स्वतः बाजूला दादरा म्हणू लागली. अर्ध्या मिनिटात माझी बोटं दादऱ्याच्या ठेक्यात पडायला लागली. तिने हात धरला. "तबला जाईल तिकडे जाऊ दे. तुझी बोटं आपल्या जागी. गाणं आवडलं की बोटं त्याच्या मागे धावतात, तिथेच तानपुरा बिघडतो." मग पंचमाच्या तारेखालचा दोरा नखाने केसभर सरकवला, जवारी, तारेची ती गुंजणारी झणक, खुलली, आणि खोलीत तो आवाज भरून राहिला.

त्या रात्री रिक्षातून उतरल्यावर मी आधी तिला फोन केला. ती आता ब्याऐंशीची आहे, उजव्या कानाने कमी ऐकू येतं. तिला सगळी हकीकत सांगितली. हात वर केला, खाली घेतला, ती मुलगी कशी उभी राहिली. तिने काही समजावणी केली नाही. थोडा वेळ थांबून म्हणाली, "बाईंनी कोल्हापूरला मारवा गायला होता, सगळे ढसाढसा रडले म्हणतात. मी तिथेच होते, दोन हातांवर. मला तो मारवा आठवत नाही. दुसरी तार उतरत होती, मी तिच्याकडेच लक्ष देऊन होते." तिच्या आवाजात खंत होती की अभिमान, मला ठरवता आलं नाही. अजूनही येत नाही.

तेव्हापासून मला सगळीकडे ही मागे बसलेली माणसं दिसू लागली. आकाशवाणी सुरू होतानाची ती धून घ्या. आपल्यापैकी कितीतरी जणांची सकाळ तिच्यावर उघडली आहे. ती वॉल्टर कॉफमन यांची मानली जाते. हा युरोपातला ज्यू संगीतकार १९३४ साली मुंबईत आला आणि आल्याबरोबर त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. त्याच्याबरोबर व्हायोलिन वाजवायला मेहली मेहता असत, झुबिन मेहतांचे वडील. आकाशवाणीच्या धुनेतलं व्हायोलिनही त्यांचंच असं सांगतात. मी ती धून हजारदा ऐकली असेल, पण व्हायोलिनखाली सबंध वेळ तानपुरा चालू आहे हे कानाला पकडून ऐकलं ते या जानेवारीनंतर. तो तानपुरा कुणी छेडला असेल?

पानं उलटणाऱ्यांपैकी एकाची हकीकत तेवढी नीट नोंदलेली आहे. ५ एप्रिल १८०३, व्हिएन्ना. बीथोवन आपला तिसरा पियानो कन्चर्टो, म्हणजे वाद्यवृंदाबरोबरची पियानोची रचना, पहिल्यांदा वाजवत होता आणि पानं उलटायला बसवलं होतं थिएटरच्या संगीत-संचालकाला, इग्नात्स फॉन साइफ्रीडला. त्याने लिहून ठेवलंय की पानं बहुतेक कोरीच होती. मधूनच कुठेतरी इजिप्तच्या चित्रलिपीसारख्या काही खुणा, त्याही फक्त बीथोवनला कळणाऱ्या. लिहायला वेळच झाला नव्हता, सगळं डोक्यातून वाजवणं चाललं होतं. पान संपलं की बीथोवन चोरून खूण करायचा आणि साइफ्रीडची तारांबळ उडायची. नंतर जेवताना बीथोवन त्यावरून पोट धरून हसला म्हणे. मला मात्र साइफ्रीडबद्दल वाटत राहतं. कोरं पान उलटायचं तर त्याला नुसतं ऐकूनच कळायला हवं होतं, आणि ऐकत होता ते त्या क्षणापर्यंत जगात कुणी ऐकलेलं नव्हतं.

एकट्याने वाजवणारे पियानिस्ट आता बहुतेक सगळं पाठ वाजवतात, लिस्ट आणि क्लारा शूमन या एकोणिसाव्या शतकातल्या पियानिस्टांच्या काळापासूनची ती रीत आहे. रशियन पियानिस्ट रिख्टरने म्हातारपणी ती मोडली. हॉल अंधारा, वहीवर एक छोटा दिवा आणि बाजूला पानं उलटणारा, असा तो वाजवायचा. ट्रिओ, क्वार्टेटमध्ये मात्र कागद समोर असतोच. पियानिस्टच्या वहीत तिघांच्याही ओळी छापलेल्या असतात, म्हणून त्यालाच जास्त पानं, आणि त्याचेच दोन्ही हात अडकलेले. आता तिथेही टॅब्लेट आला आहे. पायाशी एक छोटं पेडल, ते दाबलं की पान बदलतं. गेल्या वर्षात ऐकलेल्या कितीतरी कार्यक्रमांत ती खुर्ची नव्हतीच. सोय आहे, वादकांना बरं पडत असणार, ज्यांचे हात भरलेले आहेत त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण मंचावर वाजवायचं काही नसताना इतकं जीव एकवटून ऐकणारं एक माणूस असायचं, ते जातंय, याचं मला वाईट वाटतं.

जूनमध्ये मिसना सगळं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. महिन्याभराने निरोप आला की त्यांचा एक जुना विद्यार्थी सुट्टीवर आलाय, घरीच थोडं वाजवणार आहेत, व्हायोलिन आणि चेलोला मुंबईहून दोन मुलं येतायत, तू ये. गेले तर खोलीत पंधरा-वीस खुर्च्या मांडल्या होत्या. बाहेर पाऊस, खिडक्या अर्ध्या लावलेल्या, पियानोच्या पोटातला दिवा तेवढ्यापुरता काढून फडताळावर ठेवलेला. पियानोवरची वही उघडी होती आणि डाव्या बाजूला ती माझीच वेताची खुर्ची होती. वहीवर शूबर्ट. तोच ट्रिओ, त्यातली फक्त दुसरी मूव्हमेंट. मिसनी सगळी पानं कोपऱ्यांवर किंचित वर वळवून ठेवली होती.

मी घड्याळ काढलं. दोन काचेच्या, एक सोन्याची, अशा तीन बांगड्या होत्या, त्या एकेक करून उतरवल्या आणि दिव्याशेजारी ठेवल्या. पदर कमरेला खोचला. पियानोवर बसलेल्या त्या मुलाने मला एकदाच सांगितलं, "मावशी, मी मान हलवीन, पण तुम्ही माझ्यावर विसंबू नका."

पावलं सुरू झाली. चेलो आला. खोली इतकी लहान की चेलोचा आवाज खुर्चीच्या पायांतून माझ्या पोटऱ्यांत शिरत होता. मी मोजत होते. पहिलं पान नीट उलटलं, दुसरंही. सप्तकभर खाली येणारी ती जागा आली आणि गेली, मी पुढच्या ओळीच्या टोकाकडे बघत होते, पोटात काही झालं नाही. नंतर ते शांत गाणं बघता बघता वादळासारखं होतं, पियानो दोन्ही हातांनी थरथरू लागतो, वर व्हायोलिन आणि चेलो किंचाळल्यासारखे. मी उठले, कोपरा धरला. आणि तिथे ऐकायला लागले. किती वेळ, सांगता येणार नाही, एखादा बार असेल. भानावर आले तेव्हा त्या मुलाचा डावा हात पट्ट्यांवरून सुटून वर आलेला होता. त्याच्या बोटांनी माझ्या बोटांवरून पान ओढलं आणि परत खाली गेली. खालचे सूर तेवढे पडले. बाकी दोघं थांबले नाहीत.

उरलेली पानं मी वेळेवर उलटली. तोंडाने, आवाज न करता, मोजत. शेवटी चेलोचं गाणं पुन्हा येतं, फार थकलेलं, आणि पियानोची पावलं त्याच्याखाली हळूहळू थांबत जातात. शेवटचं पान उलटायचं नव्हतं, तरी मी उभीच राहिले होते. मग आठवलं आणि खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गुडघ्यांवर हात ठेवले. मनगटांवर बांगड्यांचे वळ होते, फिकट, गोल. मुलगा उठून वाकला, बसला आणि वही मिटता मिटता माझ्याकडे न बघताच हळू म्हणाला, "तिथे मीसुद्धा चुकतो."

रात्री आत्याला फोन केला. कुठे चुकले ते सांगितलं. तिने विचारलं, "ऐकलंस ते कसं होतं?"

मी तिला ते गुणगुणून दाखवायला लागले. तिने फोन डाव्या कानाला लावला.